वर्णमालेचे दुःस्वप्न आणि आजीची शीळ

फिल्मच्या जमान्यात नवशिक्या चित्रपटकाराच्या पहिल्यावहिल्या लघुपटात ध्वनीच्या वाट्याला बहुधा उरलेसुरलेच येत असे. फिल्मची रिळे, प्रक्रियाशाळेचे देणे, भाड्याने आणलेले दिवे आणि नटमंडळींचे जेवणखाण यांत गाठीची रक्कम संपून जाई; दृश्यांची जुळणी होईतो मुदतही संपत आलेली असे; आणि मग कुठल्याशा तबकडीवरून उचललेले संगीत, दार लागल्याचा एखादा आवाज आणि चारदोन पावलांची चाहूल एवढ्या सामग्रीवर ध्वनिपट्टीची बोळवण केली जाई. हा शिरस्ता इतका सार्वत्रिक होता की त्याविषयी कोणी तक्रारदेखील करीत नसे. म्हणूनच 1968 ते 1970 या अवधीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, चित्रकलेच्या विद्यालयात शिकायला आलेल्या एका विशीतल्या तरुणाने केलेले दोन लघुपट अभ्यासकाने मुद्दाम थांबून ऐकावेत अशा योग्यतेचे वाटतात. त्या तरुणाचे नाव डेव्हिड लिंच. पहिला लघुपट 'दि अल्फाबेट' केवळ चार मिनिटांचा. दुसरा 'दि ग्रँडमदर' 34 मिनिटांचा. पुढे जगभर गाजलेल्या आणि अनेकांना दुर्बोध वाटलेल्या त्याच्या चित्रसृष्टीची किल्ली या दोन लघुपटांच्या ध्वनिपट्टीत आहे, असे माझे मत आहे. कारण या कलावंताच्या बाबतीत चित्रपट जन्मला तोच मुळी ऐकण्यातून, आणि शब्दाविषयी ज्याच्या मनात खोल अविश्वास होता अशा या माणसाने अगदी आरंभापासूनच शब्दाची गादी नादाच्या हवाली करून टाकली.

लिंचचा जन्म 1946 साली माँटाना संस्थानातील मिसूला गावी झाला. वडील शेतकी खात्यात वनस्पती व वृक्षांविषयी संशोधन करणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंबाची बिऱ्हाडेही बदलत गेली. व्हर्जिनियात शालेय शिक्षण चालू असताना एका मित्राचे वडील, बुशनेल कीलर, हे व्यवसायाने चित्रकार आहेत असे त्याला कळले, आणि चित्रे काढणे हेच एखाद्या प्रौढ माणसाचे आयुष्यभराचे काम असू शकते या शोधाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. बॉस्टनच्या कलाविद्यालयात तो रमला नाही; युरोपात जाऊन कोकोश्का या थोर चित्रकाराच्या हाताखाली शिकण्याचा बेतही अवघ्या पंधरवड्यात गुंडाळला गेला; आणि अखेर तो फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया अकॅडमी ऑफ द फाइन आर्ट्स या 1805 साली स्थापन झालेल्या पुरातन संस्थेत दाखल झाला. हा तपशील येथे मुद्दाम नोंदवण्याचे कारण असे की त्याने चित्रपटाचे रीतसर शिक्षण तोवर घेतलेलेच नव्हते. दृश्याला ध्वनी कसा लावावा, संवाद कोठे ऐकू यावा, संगीत कोठे थांबवावे, यांविषयी चित्रपटविद्यालयांत जी वहिवाट शिकवली जाते तिचा त्याला गंध नव्हता. त्यामुळे ती मोडण्याचा आविर्भावही त्याच्या कामात कोठे नाही.

या अकॅडमीत एके दिवशी तो एका मोठ्या चित्रावर काम करीत होता. रात्रीची बाग, सारा पट काळा, आणि त्या काळ्यातून पुढे येणारी हिरवी पाने. आपण ते चित्र पाहत बसलो असता पाने हलल्यासारखी वाटली आणि चित्रातून वारा वाहत असल्याचा आवाज ऐकू आला, असे लिंचने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. चित्रे हलवावीत, ही कल्पना त्याला त्या क्षणी सुचली. कलावंतांच्या अशा साक्षात्कारकथा जपूनच स्वीकाराव्यात हे मला मान्य आहे. तथापि या कथेत पानांच्या हालचालीइतकेच वाऱ्याच्या ध्वनीला स्थान आहे, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. हलत्या चित्राची ओढ अनेक चित्रकारांना लागलेली आहे. चित्रातून वारा ऐकू येणे हा मात्र निराळा प्रकार आहे. वाऱ्याला आकार नसतो, रंग नसतो, चौकट नसते. तो चित्राबाहेरून येतो आणि चित्राबाहेर जातो. चौकटीत न मावणाऱ्या जगाची जाणीव देण्याचे सामर्थ्य ध्वनीत आहे, हे त्या तरुणाला तत्त्व म्हणून नव्हे, अनुभव म्हणून आधी कळले.

त्यातून 1967 साली जे पहिले काम निपजले ते लघुपटापेक्षा हलत्या शिल्पासारखे होते. लिंचने आपल्याच मस्तकाचे साचे काढून ते एका पडद्यावर बसवले आणि त्या उंचसखल पृष्ठभागावर सुमारे एका मिनिटाचे सचेतन चित्र पुनःपुन्हा फिरत राहील अशी व्यवस्था केली: सहा माणसांची पोटे भरत जातात, त्यांना ओकारी होते, आणि पुन्हा आरंभापासून तेच. खर्च दोनशे डॉलर. या फिरत्या चित्राच्या सोबतीला त्याने एकच ध्वनी ठेवला, भोंग्याचा. तो अखंड वाजत राहतो. ध्वनियोजना म्हणून पाहिले तर हे काम अगदीच ओबडधोबड आहे, पण भोंगा येथे चित्रातील कोणत्याही वस्तूचा आवाज नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तो ओकणाऱ्या माणसांचा नाही, कोण्या वाहनाचा नाही. तो त्या खोलीतील हवेचाच एक गुणधर्म होऊन बसतो. प्रदर्शनाच्या दालनात शिरणाऱ्याला चित्र दिसण्यापूर्वी ती हवा लागत असली पाहिजे. अकॅडमीच्या वार्षिक स्पर्धेत या कृतीला पारितोषिक विभागून मिळाले.

पारितोषिकाहून महत्त्वाचे फळ निराळेच होते. एच. बार्टन वॉसरमन नावाच्या एका सधन सहाध्यायाने तशीच एखादी कृती आपल्या घरासाठी करून मागितली आणि त्यासाठी एक हजार डॉलर देऊ केले. लिंचने एक जुना बोलेक्स कॅमेरा विकत घेतला, काही आठवडे खपून सचेतन चित्रण केले, आणि प्रक्रियाशाळेतून परत आलेली फिल्म उजेडापुढे धरून पाहिली तेव्हा तीवर एकही चौकट उमटलेली नव्हती. आरंभापासून अखेरपर्यंत नुसता अस्पष्ट पट्टा. कॅमेऱ्यातच दोष होता. वॉसरमनने उरलेली रक्कम परत न मागता तिचा हवा तसा विनियोग करण्याची मुभा दिली, आणि त्या शिल्लक पैशांत, वडिलांनी केलेल्या थोड्या मदतीची भर घालून, 'दि अल्फाबेट' तयार झाला.

बोलेक्स जातीच्या कॅमेऱ्याविषयी दोन शब्द येथे सांगणे अगत्याचे आहे. सोळा मिलिमीटर फिल्मवर चालणारे हे स्विस यंत्र घड्याळाप्रमाणे किल्ली देऊन चालवावे लागते. एका किल्लीत सेकंदाला 24 चौकटींच्या गतीने ते अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर चालते. चालताना ते चांगलेच खडखडते. आणि कमानीच्या जोरावर फिरत असल्यामुळे त्याची गती ध्वनिमुद्रकाशी काटेकोर जुळेल याची शाश्वती नसते. म्हणजे नटाचे बोलणे आणि त्याच्या ओठांची हालचाल एकाच वेळी टिपण्याची सोय या यंत्राबरोबर जवळजवळ नसतेच. ज्याच्याजवळ केवळ असा कॅमेरा आहे त्याचे चित्रण मुकेच होणार, आणि त्यातील प्रत्येक ध्वनी मागाहून, वेगळा, हाताने घडवून बसवावा लागणार. पुष्कळांना ही अडचण वाटते. लिंचच्या बाबतीत मात्र तिने एक मोठे काम केले: दृश्य आणि ध्वनी यांचा जन्मजात संबंध असतो, ही समजूत त्याच्या मनात रुजूच दिली नाही. त्याच्या लघुपटांत ओठ हलतात म्हणून शब्द ऐकू येत नाहीत आणि पाऊल पडते म्हणून चाहूल लागत नाही. प्रत्येक ध्वनी तेथे निवडून आणलेला आहे.

'दि अल्फाबेट'ची कल्पना त्याची पहिली पत्नी पेगी हिच्याकडून आली. तिच्या नात्यातील एक लहान मुलगी रात्री झोपेत तळमळत, भ्यालेल्या स्वरात मुळाक्षरे म्हणत होती, ही हकिकत पेगीने सांगितली आणि तेवढ्या बीजावर हा लघुपट उभा राहिला. काळ्या अंधाऱ्या खोलीत पांढरी लोखंडी खाट. तीवर पांढऱ्या चेहऱ्याची, पांढऱ्या वस्त्रातली तरुणी, ही भूमिका पेगीनेच केली. तिच्या निद्रेत सचेतन चित्रांची एक सृष्टी उघडते. अक्षरे उगवतात, मोठे अक्षर लहान अक्षराला जन्म देते, एका मानवाकृतीच्या मस्तकात अक्षरे शिरत जातात आणि ती आकृती रक्तबंबाळ होऊन विरघळते. अखेरीस बिछान्यावरची तरुणी आचके देत पांढऱ्या चादरीवर रक्त ओकते.

ध्वनीच्या दृष्टीने पाहता या चार मिनिटांत मानवी कंठाची चार रूपे एकापाठोपाठ एक मांडलेली आहेत. आरंभी मुलांचा घोळका पहिली तीन अक्षरे एका ठेक्यात घोकत असतो. शाळेच्या खिडकीखालून जाताना कोणालाही ऐकू यावी तशी ती घोकंपट्टी, पण तिच्यामागे शाळा नाही, बाई नाहीत, खिडकी नाही. त्यामुळे काही क्षणांतच तिला मिरवणुकीतील घोषणेसारखा आक्रमक सूर चढतो. मग एका पुरुषाचा भरदार, ऑपेरातल्यासारखा आवाज अक्षरांचे कौतुक गाऊ लागतो. हा आवाज रॉबर्ट चॅडविक याचा. शिकवणाऱ्यांच्या जगाचा आत्मसंतुष्ट आनंद त्या गाण्यात ओतप्रोत भरलेला आहे, आणि चित्रात जे चालले आहे त्याची त्याला काहीच दाद नाही. तिसरे रूप तान्ह्या मुलाच्या रडण्याचे. आणि चौथे त्या तरुणीच्या तोंडून येणाऱ्या वर्णमालेचे: सगळी अक्षरे क्रमवार, बिनचूक म्हटलेली. पाठ पुरा होतो आणि शरीर उलटते. मध्येच रंगवलेल्या ओठांचे एक मुख अगदी जवळून दिसते आणि आपण एका मानवी देहाशी व्यवहार करीत आहोत याचे स्मरण ठेवा, अशी विनंती करते. साऱ्या लघुपटातील हे एकमेव अर्थपूर्ण वाक्य, आणि तेही कोणी कोणाला उद्देशून म्हटले याचा पत्ता लागत नाही.

या मांडणीतील विचार मला विलक्षण वाटतो. शिक्षणाच्या जुलमाविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. पण शब्द माणसाच्या आत शिरतो तो कानावाटे, आणि शिरताना तेथे आधीपासून असलेल्या अनामिक नादसृष्टीला तो हुसकावून लावतो, ही गोष्ट निव्वळ आवाजांच्या क्रमातून सांगणारे दुसरे उदाहरण माझ्या आठवणीत नाही. पेगीने पुढे सांगितल्याप्रमाणे त्या वर्षांत आपल्या कामाविषयी शब्दांत बोलणे लिंचला फार जड जात असे. तान्ह्या मुलाचा आक्रोश या लघुपटात म्हणूनच इतका केंद्रस्थानी आला असावा. कारण तो भाषेच्या अलीकडचा आवाज आहे. आणि तो कोणा उसन्या संग्रहातला नाही. लिंचची कन्या जेनिफर एप्रिल 1968 मध्ये जन्मली. तिचेच रडणे पित्याने टिपले.

ते टिपण्यासाठी त्याने उहेर या जर्मन बनावटीचा, खांद्याला अडकवून नेता येण्याजोगा ध्वनिमुद्रक आणला होता. यंत्र नादुरुस्त निघाले. जे मुद्रित झाले ते मूळ रडण्याशी इमान राखणारे नव्हते. त्यात विकृती आली होती, आणि ते ऐकताच लिंच हरखून गेला. एखाद्या व्यावसायिक ध्वनिमुद्रकाने ती फीत तत्काळ रद्द केली असती. या तरुणाने ती जशीच्या तशी लघुपटात घातली, आणि ते कृत्य केवळ बेपर्वाईचे नव्हते. चित्रकार कागदावर ओघळलेला रंग पुसून टाकण्यापूर्वी क्षणभर पाहतो. तो ओघळ चित्राला उपकारक आहे असे दिसले तर राहू देतो. मुद्रित ध्वनीकडे त्या नजरेने पाहणारे लोक चित्रपटव्यवसायात त्या काळी थोडे होते, कारण ध्वनिमुद्रणाची सारी प्रतिष्ठा स्वच्छतेवर आणि अचूकतेवर उभी होती.

एवढे असूनही 'दि अल्फाबेट'ची ध्वनिपट्टी परिपूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात ध्वनी आहेत, पण ते एकामागून एक येतात. त्यांच्यात थर नाहीत, खोली नाही. चित्र काळ्या अवकाशात खोलवर जाते आणि आवाज मात्र पडद्याच्या पृष्ठभागावरच राहतो. ही उणीव भरून काढणारा माणूस लिंचला अजून भेटायचा होता.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट ही संस्था 1967 साली स्थापन झाली आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रपटकारांना अनुदान देण्याची तजवीज तिने लगोलग केली. कीलरच्या सांगण्यावरून लिंचनेही अर्ज केला. सोबत 'दि अल्फाबेट'ची प्रत आणि नव्या लघुपटाची संहिता. संस्थेच्या दप्तरी आलेल्या अर्जांची छाननी होताना त्यांचे प्रकारवार गठ्ठे लावण्यात आले. लिंचचा अर्ज कोणत्याच गठ्ठ्यात बसेना, म्हणून तो एकटाच बाजूला राहिला आणि त्यामुळेच नामंजूर करता आला नाही, अशी आठवण त्याने पुढे सांगितली आहे. पाच हजार डॉलर मंजूर झाले आणि काम पुरे करण्यासाठी पुढे आणखी 2,200 डॉलर मिळाले. सरकारी वा निमसरकारी अनुदानांच्या इतिहासात 7,200 डॉलरची ही रक्कम इतकी सार्थकी लागल्याची उदाहरणे थोडी असतील.

लिंच कुटुंब तेव्हा फिलाडेल्फियातील एका तीन मजली, बारा खोल्यांच्या घरात राहत होते. घराची किंमत 3,500 डॉलर होती, यावरूनच वस्तीच्या अवकळेची कल्पना यावी. कारखान्यांची धूळ, बंद पडत चाललेली दुकाने, रस्त्यावरची हिंसा, रात्रीअपरात्री कानी पडणारे आरडाओरडे यांनी आपल्याला ग्रासून टाकले होते, आणि तरीही आपल्या साऱ्या कलेवर या शहराचाच सर्वांत खोल ठसा आहे, असे लिंच अखेरपर्यंत सांगत असे. या घराच्या वरच्या मजल्यावर त्याने खोल्यांच्या भिंती काळ्या रंगवल्या, कोपऱ्यांच्या कडा तेवढ्या खडूने अधोरेखित केल्या, पात्रांचे चेहरे पांढरे केले आणि 'दि ग्रँडमदर'चे चित्रण केले.

कथा थोडक्यात अशी. एका मुलाचे आईबाप जमिनीतून उगवलेले, पशुवत, रागीट आहेत. मुलगा रात्री अंथरूण ओले करतो आणि बाप त्याला जनावराप्रमाणे शिक्षा करतो. वरच्या खोलीत मुलाला बियांची पिशवी सापडते. त्यांतले एक बी तो पलंगावर मातीचा ढीग रचून त्यात पेरतो, पाणी घालतो. त्यातून एक अजस्र, काटेरी झाड उगवते आणि त्या झाडाच्या पोटातून आजी जन्माला येते. ती मुलावर माया करते. मग ती आजारी पडते आणि मरते.

या 34 मिनिटांत एकही संवाद नाही. आईबाप बोलत नाहीत, भुंकतात. मुलाला हाक मारण्याचा त्यांचा उच्चार कुत्र्याच्या भुंकण्यापासून वेगळा काढता येत नाही. आजीही बोलत नाही. ती शीळ घालते. म्हणजे 'दि अल्फाबेट'मध्ये ज्या भाषेने मुलीच्या देहाचा ताबा घेतला होता ती येथे घरातून पार हद्दपार झालेली आहे, आणि तिच्या जागी दोन ध्वनी आहेत: क्रूरतेचा आणि मायेचा. अर्थ समजण्यासाठी यांपैकी कशालाही शब्दकोश लागत नाही. पण ही योजना कागदावर जितकी सोपी वाटते तितकीच ती ध्वनिपट्टीवर उतरवणे अवघड. कारण संवाद नसलेल्या चित्रपटात प्रेक्षकाचा कान रिकामा असतो आणि प्रत्येक ध्वनीची पारख करीत बसतो.

त्या कामासाठी लिंच फिलाडेल्फियातील कॅल्व्हिन द फ्रेनीझ या संस्थेत गेला. औद्योगिक माहितीपट वगैरे काढणारी ही संस्था. तेथील ध्वनिविभागाचा प्रमुख बॉब कॉलम याने आपल्याबरोबर काम करावे अशी लिंचची इच्छा होती. कॉलमला सवड नव्हती. त्याने आपला मदतनीस पुढे केला. उंच, कृश, फिकुटलेला, दृष्टीने बराच अधू, एके काळी हिशेबनिसाचा पेशा केलेला हा मदतनीस म्हणजे ॲलन स्प्लेट. आपल्या गळ्यात दुय्यम माणूस बांधला गेला अशी लिंचची प्रथम समजूत झाली, ती फार काळ टिकली नाही. ज्याचे डोळे अधू आहेत असा माणूस चित्रपटाच्या धंद्यात आला आणि त्याने त्या धंद्याला कान दिले, ही घटना मला या साऱ्या कहाणीतील सर्वांत हृद्य भाग वाटते.

दोघांनी आरंभ रीतीप्रमाणेच केला. संस्थेच्या संग्रहात निरनिराळ्या ध्वनींच्या तबकड्या होत्या. लघुपट पाहत पाहत त्या एकेक लावून पाहिल्या. दाराचा आवाज दारासारखा होता, पावसाचा पावसासारखा. आणि नेमके तेच नको होते. संग्रहातले ध्वनी वस्तूंचे होते, आणि या लघुपटातल्या वस्तू नावापुरत्या वस्तू होत्या. तेव्हा संग्रह बाजूला ठेवून प्रत्येक ध्वनी स्वतः करायचा असे ठरले, आणि पुढे सुमारे दोन महिने, आठवड्याचे सातही दिवस, रोज बहुतेक दिवसभर दोघे त्या खोलीत बसून राहिले. हाती येईल त्या जिनसा त्यांनी ठोकल्या, घासल्या, फाडल्या, पाण्यात बुडवल्या, मुद्रित केले, फितीची गती कमीजास्त करून पुन्हा मुद्रित केले. फितीची गती निम्मी केली की ध्वनी एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. मामूली टकटकदेखील मग एखाद्या प्रचंड दाराच्या धक्क्यासारखी भासू लागते. या साध्या नियमाच्या आधारे किती निरनिराळे प्राणी जन्माला घालता येतात हे 'दि ग्रँडमदर'मधील झाडाच्या वाढीचा प्रसंग ऐकताना कळते: ओलसर, चिकट, ताणले जाणारे, आतून दाब देणारे ध्वनी, ज्यांचे मूळ ओळखता येत नाही आणि तरी जे आपल्या स्वतःच्या देहातून आल्यासारखे वाटतात.

आजीच्या शिळेची कथा तर ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शीळ प्रतिध्वनीत न्हाऊन निघालेली हवी होती. पण ध्वनीला असा घुमारा देणारे यंत्र त्या संस्थेत नव्हते. स्प्लेटने कोठून तरी ॲल्युमिनियमची एक लांबलचक नळी आणली, घरात उष्ण हवा खेळवण्यासाठी वापरतात तसली. तिच्या एका टोकाला ध्वनिक्षेपक आणि दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन बसवला. शीळ एका टोकाने आत सोडायची, दुसऱ्या टोकाशी मुद्रित करायची. मग ती मुद्रित शीळ पुन्हा पहिल्या टोकाने सोडायची आणि पुन्हा मुद्रित करायची. मनाजोगता घुमारा येईपर्यंत हेच. या कृतीत काय घडते ते पाहावे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. दहा मीटरच्या नळीतून पार व्हायला त्याला सेकंदाचा चौतिसावा भाग पुरतो, एवढ्या अल्प अवधीचा विलंब कानाला स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून जाणवतदेखील नाही. पण नळीच्या दोन्ही टोकांवरून परावर्तित होणाऱ्या लहरी एकमेकींवर चढतात, नळीच्या लांबीला अनुकूल अशा काही स्वरांना उठाव मिळतो, इतर दबतात. आणि हीच प्रक्रिया पुनःपुन्हा केली की प्रत्येक आवर्तनाबरोबर मूळ ध्वनीचा अंश उणावत जाऊन नळीचा अंश वाढत जातो. अखेरीस जे उरते ती कोणा बाईने घातलेली शीळ राहत नाही. एका पोकळ, धातूच्या, लांबट जागेने त्या शिळेची राखलेली आठवण होते. मृत्यूकडे निघालेल्या आजीसाठी याहून योग्य आवाज महागड्या यंत्रातून निघाला असता असे मला वाटत नाही.

तिच्या मरणाच्या प्रसंगी ती शीळच प्रसंगाचा कारभार हाती घेते. हवा सुटत चाललेल्या फुग्यासारखी आजी खोलीभर धडपडत, आपटत फिरते, आणि शिळेचा ध्वनी कधी तीव्र होतो, कधी खरवडल्यासारखा फाटतो, कधी घशातच अडकतो. मुलगा आईबापांकडे धाव घेतो. तेथे त्याला थट्टेखेरीज काही मिळत नाही. पाहणाऱ्याला हा प्रसंग क्षणभर हास्यास्पद वाटू शकेल, इतकी त्यातील हालचाल विचित्र आहे. कान मात्र हसू देत नाही.

एका बाबतीत मला लिंचशी मतभेद नोंदवावासा वाटतो. लघुपटातील काही भागांना ट्रॅक्टर नावाच्या स्थानिक वादकसमूहाचे संगीत दिलेले आहे. ते वाईट नाही; पण जेथे ते सुरू होते तेथे प्रेक्षकाला काय वाटावे याचे फर्मान निघते, आणि ध्वनींनी इतक्या कष्टाने निर्माण केलेले अनाम भय सैल पडते. मुलगा आणि आजी यांच्या सुखाच्या प्रसंगांत तर केवळ शीळ आणि शांतता पुरेशी होती. त्या वयात आणि त्या काळात संगीतावाचून 34 मिनिटे काढणे हे मोठे धाडस झाले असते, हे मान्य करूनही ही खंत उरतेच.

सोळा मिलिमीटर फिल्मच्या ध्वनिपट्टीची मर्यादाही येथे विचारात घ्यावी लागते. फिल्मच्या कडेला प्रकाशाने कोरलेल्या या अरुंद पट्टीवर सुमारे सहा हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे टिकत नाहीत. माणसाचा तरुण कान त्याच्या तिप्पट वरपर्यंत ऐकू शकतो. काचेची किणकिण, श्वासाची सळसळ, व्यंजनांचे कंगोरे असे बारीक जिन्नस या चाळणीतून गळून पडतात आणि संवादप्रधान लघुपट त्यामुळे कोंदटलेले वाटतात. लिंच आणि स्प्लेट यांनी जी सृष्टी रचली ती मुळातच मध्य आणि खालच्या पट्टीतील गुरगुरण्याची, घुमण्याची, ओढीची होती. कोंदटपणा हाच तिचा स्वभाव. मर्यादा ओळखून त्यांनी तसे केले की स्वभावतःच त्यांना तसे ध्वनी प्रिय होते, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे खरे की त्या गरीब पट्टीवरही त्यांचे फारसे काही हरवले नाही.

फिल्म इन्स्टिट्यूटच्या वतीने टोनी व्हेलानी काम पाहण्यासाठी फिलाडेल्फियाला आला. त्याच्या शिफारशीवरून लिंचला बेव्हर्ली हिल्स येथील ग्रेस्टोन या जुन्या प्रासादात सुरू झालेल्या उच्च चित्रपट अध्ययन केंद्रात प्रवेश मिळाला, आणि 1970 साली कुटुंबाने फिलाडेल्फिया सोडले. स्प्लेटही पश्चिमेला आला. त्या केंद्राच्या ध्वनिविभागाचे प्रमुखपद त्याला देण्यात आले. तेथेच पुढील काही वर्षांत 'इरेझरहेड' घडला आणि 1977 साली प्रदर्शित झाला. त्याच्या ध्वनीवर दोघांनी सुमारे एक वर्ष खर्च केले. एका प्रसंगातील घोंघावणारा नाद तर न्हाणीच्या टबात तरंगणाऱ्या बाटलीत मायक्रोफोन ठेवून त्यावर हवा फुंकून मिळवलेला आहे. ॲल्युमिनियमच्या नळीचे हे थेट वंशज. यंत्रे पुढे सुधारली, पैसा वाढला, 'दि एलिफंट मॅन', 'ड्यून' आणि 'ब्लू व्हेल्व्हेट' या चित्रपटांपर्यंत ही जोडी टिकली; दरम्यान 1979 सालच्या 'दि ब्लॅक स्टॅलियन' या दुसऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटातील ध्वनिसंपादनाबद्दल स्प्लेटला विशेष ऑस्कर पारितोषिकही मिळाले. 1994 साली स्प्लेट वारला. त्यानंतरच्या 'लॉस्ट हायवे' आणि 'मलहॉलंड ड्राइव्ह' या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ध्वनिरचनाकार म्हणून दिग्दर्शकाचे स्वतःचेच नाव आहे, आणि हॉलिवूडमधील आपल्या घराजवळ उभारलेल्या ध्वनिमिश्रणशाळेत लिंच ते काम जातीने करीत असे.